पाचव्या जागेवरचे नाना

चार माणसं रोज एका ठिकाणी जमली की किस्से आपोआप साठतात. आमचं जमायचं ठिकाण म्हणजे हेडफोन. पाच जण पाच ठिकाणी बसलेले, कानात एकमेकांचे आवाज आणि समोर स्क्रीनवर बंदुका. आता या मंडळात जेवढे किस्से झाले, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या मधोमध मी आहे, बाकीचे चौघं नुसते साक्षीदार. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

मी संगमनेरजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाची फॅट मोजायची, कॅन भरायचे, टेम्पोत चढवायचे. केंद्राच्या मागे घर आणि घराला लागून गोठा. वय चाळिशीपुढे, डोळ्याला चष्मा, पोट सुटलेलं. केंद्रावरचा कॉम्प्युटर बिघडला की संतोष नावाचा पोरगा दुरुस्त करायला यायचा. एकदा दुरुस्ती नीट झाली का हे बघायला त्यानं त्यावर बंदुकांचा एक गेम लावून दाखवला. कॉम्प्युटर सुधारला, मी बिघडलो.

पुढे संतोषनं आणखी तिघं जोडून दिले. संगमनेरात मोबाईलचं दुकान असलेला सोहेल, तिथलीच औषधाच्या दुकानातली फार्मासिस्ट वैशाली आणि श्रीरामपूरचा शाळामास्तर डेव्हिड. सगळे माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान. मला नाना म्हणतात, अहो-जाहो करतात, आणि त्याच आदरानं रोज माझी लाज काढतात.

*

सुरुवात मैदानाच्या गेमपासून झाली. खरं नाव काहीतरी इंग्रजी आहे, पण आम्ही त्याला मैदानाचा गेम म्हणतो. शंभर माणसं विमानातून छत्री घेऊन एका बेटावर उतरतात, घराघरांत शिरून बंदुका शोधतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जो एक उरेल तो जिंकतो.

मला हा गेम पहिल्याच दिवशी समजला. लोक आपापसांत मारामारी करत असतात, आपण त्यात पडायचं नाही. मी उतरायचो तो थेट गवतात, आणि आडवा व्हायचो. माणसं मरून मरून कमी व्हायची आणि माझा नंबर आपोआप वर सरकायचा. थोड्याच दिवसांत मला गेमनं वरच्या दर्जाचा एक चकचकीत बिल्ला दिला. मी तो बायकोला, मंगलला, नेऊन दाखवला. ती म्हणाली, "छान हाय. गव्हान साफ केली का?"

बिल्ला बघून संतोषलाही संशय आला. एका मॅचला तो माझ्या स्क्रीनवर लक्ष ठेवून बसला. शेवटी दोघंच उरलो, मी आणि दगडामागं बसलेला एक जण. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"नाना, मारा."

"मारतो."

"मारा की मग."

"गोळ्या नाहीत."

"संपल्या?"

"उचलल्याच नव्हत्या. गोळ्या घरात असतात, आणि घरात माणसं असतात."

संतोष म्हणाला, "ह्या गेमला लई अक्कल लागत न्हाई हे मला म्हाईत हुतं. पन अजिबातच लागत न्हाई, हे आज कळलं."

*

तिथून वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. कोणत्या गेमला जास्त कौशल्य लागतं? डेव्हिडचं म्हणणं, जिथं डोकं चालवावं लागतं तो गेम खरा. सोहेलचं म्हणणं, डोकं काय कोणाचंही चालतं, हात चालला पाहिजे. वैशाली आमच्यात सगळ्यात भारी खेळते, त्यामुळे ती वादात फारशी पडत नाही. ज्याला येतं त्याला वाद घालायला वेळ नसतो, असं ती एकदा म्हणाली आणि मग आम्ही चौघं आणखी तासभर वाद घालत बसलो.

शेवटी मी माझ्या धंद्यातलं माप काढलं. म्हटलं, फॅट लावा. मैदानाच्या गेममध्ये पाणी जास्त, तेव्हा ते संकरित गाईचं दूध. पाच विरुद्ध पाचचा जो बॉम्बचा गेम आहे, त्यात एक चूक झाली की मेलात, ते म्हशीचं. जादूगारांच्या गेममध्ये निम्मं काम जादू करते, तेव्हा ते गाई-म्हशीचं मिसळलेलं. सगळ्यांना माप पटलं. पहिल्यांदाच ग्रुपमध्ये माझ्या बोलण्याला मान मिळाला म्हणून मी खुशीत आलो आणि विचारायला नको ते विचारलं.

"आणि मग मी कोणतं दूध?"

वैशाली शांतपणे म्हणाली, "नाना, तुम्ही कॅन विसळलेलं पाणी."

*

बॉम्बच्या गेमबद्दल जरा सांगायला हवं, कारण माझी खरी फजिती तिथली आहे. पाच जण बॉम्ब ठेवायला येतात, पाच जण त्यांना अडवतात. एका राऊंडमध्ये मेलं की पुढच्या राऊंडपर्यंत नुसतं बघत बसायचं. मी या गेममध्ये फार बघितलंय.

यात पळता पळता गोळी झाडली तर ती कुठंही जाते. थांबायचं, नेम धरायचा, मग झाडायची. हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण समोरून बंदूक घेतलेला माणूस येत असताना थांबायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही. मी पळायचो आणि गोळ्या झाडायचो. मी मेल्यावर भिंतीवर माझ्या गोळ्यांची भोकं दिसायची, शत्रूच्या दोन्ही बाजूंना अगदी व्यवस्थित, मधे शत्रूएवढी जागा सोडून.

मग मला वाटलं, आपला हात बंदुकीचा नाही तर गोळे फेकण्याचा असेल. त्यात एक डोळे दिपवणारा गोळा असतो. तो फुटला की बघणाऱ्याची स्क्रीन पांढरीफटक होते आणि थोडा वेळ त्याला काही दिसत नाही. मी तो दरवाजातून पलीकडे फेकला. तो दरवाजाच्या चौकटीला लागला आणि परत येऊन आमच्या पाच जणांच्या मधोमध फुटला.

पलीकडून एकच माणूस आला आणि आरामात पाचही जणांना मारून गेला. जाताना त्यानं खाली लिहिलं, थँक यू.

सोहेल म्हणाला, "नाना, उद्यापासून फेकायच्या आधी सांगत जा. दुकानातून सगळ्यांना गॉगल आणतो."

*

या गेममध्ये जागांना नावं असतात. शत्रू कुठं दिसला हे एका शब्दात सांगता यावं म्हणून. ती इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून चौघांनी मोठ्या मनानं माझ्यासाठी नवी नावं ठेवली. लांबट शेडला कांदाचाळ, मधल्या मोकळ्या जागेला स्टँड, कमानीला वेस आणि जिथं बॉम्ब ठेवतात त्या चौकाला डेअरी. आता तर डेव्हिड त्याच्या शाळेतल्या मास्तरांबरोबर खेळतानाही "कांदाचाळीत दोघं" म्हणतो आणि ते बिचारे नकाशात कांदे शोधतात.

नावं सोपी झाली, पण मला ती वेळेवर आठवली पाहिजेत ना. एकदा मी एकटाच एका बाजूला होतो आणि तिकडूनच सगळे आले.

"आले, आले, इकडून आले."

"इकडून म्हंजी कुटून?" संतोष ओरडला.

"माझ्याकडून."

"तुमी कुटं हाय?"

"मी मेलोय."

डेव्हिडनं मास्तरकीच्या आवाजात समजावलं, "नाना, मेल्यावर पत्ता सांगून उपयोग नसतो. जिवंत असताना सांगायचा."

*

बंदूक जमत नाही म्हटल्यावर वैशालीनं मला जादूगारांच्या गेममध्ये नेलं. तिथं प्रत्येकाकडे वेगळी शक्ती असते. कोणी उडतं, कोणी ढाल धरतं आणि काही जण जखमी साथीदारांना बरं करतात. "तुम्ही बरं करणारे व्हा," ती म्हणाली. "मारायचं नाही, फक्त आपल्या माणसाकडं बघून बटण दाबून धरायचं. यात नेम लागत नाही."

हे मला पटलं. शिवाय माझा स्वभावच सेवाभावी. मी आमच्यातला सगळ्यात आडदांड माणूस निवडला. तो आमच्या ग्रुपचा नव्हता, गेमनं कुठूनतरी जोडून दिलेला होता. हातात मोठा हातोडा, अंगावर चिलखत. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि बटण दाबून धरलं. माझ्या हातातून पिवळा प्रकाश त्याच्या पाठीत जात होता. मला फार बरं वाटत होतं. हा माणूस माझ्या जिवावर उभा आहे, असं वाटत होतं.

तो उभाच होता. बाकी चौघं पलीकडं मरत होते, परत येत होते, परत मरत होते. मी जागचा हललो नाही. म्हटलं, एकदा माणूस धरला की सोडायचा नाही.

मॅच संपत आली तेव्हा वैशालीचा आवाज आला. "डॉक्टर, तुमचा पेशंट पहिल्यापासून हललेला नाही. तो जेवायला गेलाय."

*

उड्यांचा गेम मी एकदाच खेळलो. जुना गेम आहे, सोहेलला भारी आवडतो. त्यात माणसं चालतच नाहीत, उड्या मारत, गिरक्या घेत, उलटंपालटं होत एकमेकांवर रॉकेट सोडतात. सोहेलच्या मते खरं कौशल्य इथं लागतं, बाकी सगळे गेम बसल्या जागेचे.

मी बसल्या जागीच होतो. खुर्चीवर, पंख्याखाली. पण पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागलं, घाम सुटला आणि मी मंगलला हाक मारली. ती धावत आली, माझं तोंड बघितलं, लिंबू पिळलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"यष्टीत वोकारी हुती म्हनून खिडकीपाशी बसिवते ह्यास्नी," ती स्वतःशीच म्हणाली. "आता खुर्चीला खिडकी कुटून आनू?"

तेव्हापासून कोणी उड्यांच्या गेमचं नाव काढलं की डेव्हिड विचारतो, "नानांसाठी खिडकीची सीट आहे का?"

*

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग चौघांनी ठरवलं, आता फक्त बॉम्बचाच गेम खेळायचा आणि नीट खेळायचा. बाकी गेमात वेळ वाया जातो. इतर तालुक्यांतल्या टीमांशी मॅची लावायच्या. टीम पाच जणांची, आणि आम्ही पाचच होतो. पण पुण्यात डेव्हिडचा एक मावसभाऊ होता, आणि तो उत्तम खेळायचा.

हे मला कोणी थेट सांगितलं नाही. संतोष मशीन दुरुस्तीला आला होता, स्क्रू पिळता पिळता मान खाली घालून म्हणाला, "नाना, तुमी वाईट वाटून घिऊ नका. तुमी ग्रुपवर राहायचंच. फकस्त मॅचला..."

मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. दिवसभर माझ्याशी बोलणारे लोक एकच प्रश्न विचारतात, आज फॅट एवढी कमी का लागली. या वयात गावात नवे दोस्त मिळत नाहीत. जे जुने होते ते कुणी पुण्याला गेले, कुणी नाशिकला, आणि राहिलेले भेटले की गुडघ्याबद्दल बोलतात. हे चौघं रोज संध्याकाळी माझी टिंगल करतात, पण माझ्याशिवाय सुरू करत नाहीत. नुसतं ग्रुपवर राहून दुसऱ्यांच्या मॅचचे फोटो बघत बसायचं, या कल्पनेनं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी म्हटलं, "एक संधी दे."

संतोष म्हणाला, "ठीक हाय. सराव करा. पहिली मॅच शेवगावच्या टीमबरुबर हाय, पुढल्या आयतवारी दुपारी. जितलो तर तुमी पक्के. हारलो तर मंग डेव्हिडच्या भावाला घ्यावं लागन."

*

सराव म्हणजे गेममध्येच एक मैदान असतं, तिथं पुतळे उभे असतात. ते हलत नाहीत, गोळी झाडत नाहीत, बोलत नाहीत. माझ्यासारख्यांसाठीच केलेलं आहे. मी दूध घ्यायच्या आधी केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर बसून त्या पुतळ्यांवर नेम धरायला लागलो.

खंडूआबा रोज सगळ्यांच्या आधी दूध घेऊन येतात. हातात किटली घेऊन ते माझ्या पाठीमागे उभे राहिले. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"नाना, ही मानसं तुला मारत्यात का?"

"नाही आबा, ते पुतळे आहेत."

"पळत्यात का?"

"नाही."

आबांनी किटली खाली ठेवली, वाकून स्क्रीनकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मंग तू त्यांच्या आजूबाजूला का मारतूस?"

*

रविवार उजाडला. दुपारी जेवण उरकून मी कॉम्प्युटरपुढे बसलो. खास या मॅचसाठी बिनवायरचे हेडफोन घेतले होते, कारण जुन्याची वायर ताणून मी एकदा कीबोर्ड मांडीवर पाडला होता. शेवगावची टीम आली, नमस्कार-चमत्कार झाले, मॅच सुरू झाली.

आणि आम्ही मार खायला लागलो. साधासुधा नाही. मी "कांदाचाळीत बसतो" म्हणालो की शेवगाववाले थेट कांदाचाळीत यायचे. मी "आता वेशीत थांबतो" म्हणालो की ते वेशीत हजर. संतोष चक्रावला. "ह्यांना कळतंय कसं?" तो सारखा म्हणत होता. मी मनातल्या मनात डेव्हिडच्या मावसभावाला जागा देऊन मोकळा झालो होतो.

अर्ध्यावर बाजू बदलल्या. आता शेवगाववाल्यांनी बॉम्ब ठेवायचा आणि आम्ही अडवायचं. वेळ संपेपर्यंत त्यांना बॉम्ब ठेवता आला नाही तर राऊंड आमचा. पण ते इतके पुढे होते की चार-दोन राऊंड मिळाले असते तरी मॅच संपलेली.

तेवढ्यात मागच्या दारातून मंगलची हाक आली. गोठ्यातली कपिला व्यायला झाली होती. पहिलं वेत, आणि दिवस अजून बाकी होते. मी तसाच उठलो. हेडफोन कानातच राहिले.

गोठ्यात बघतो तर कपिला आडवी पडलेली, डोळे पांढरे, आणि मंगल घाबरलेली. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता, ते दुसऱ्या गावात अडकले होते. पाय दिसत होते, पण पुढं काही सरकत नव्हतं. गेममध्ये मेलं की पुढच्या राऊंडला परत येतो, इथं तसं नव्हतं.

"नाना, कुटं हाय तुमी?" कानात संतोष.

"गोठ्यात. कपिला अडलीय."

मग सगळे एकदम बोलायला लागले. संतोष म्हणाला थांबा, घाई करू नका. सोहेल म्हणाला थांबू नका. वैशाली म्हणाली आधी हात साबणानं धुवा. डेव्हिड म्हणाला कोमट पाणी. आणि या चौघांच्या आवाजात एक पाचवा आवाज आला, भारदस्त, अनोळखी.

"नाना, पाय पुढचे हायेत का मागचे? खूर खाली बगत्यात का वर?"

मी खाली वाकून बघितलं. "खाली. आणि वर नाकाडही दिसतंय."

"मंग बेस हाय. वासरू सरळ हाय. घाबरू नगा."

संतोषनं विचारलं, "ह्यो कोन बोलतोय?"

"मी शेवगावचा. समोरच्या टीमचा. नानांचा माईक सगळ्यांना ऐकू येतोय. पहिल्या राऊंडपासून. कांदाचाळ मंजी ती लांब शेड, हेबी तवाच कळलं."

आपल्या टीमपुरतं आणि सगळ्यांसाठी अशी माईकची दोन बटणं असतात, हे मला माहीत होतं. कोणतं कोणतं, एवढंच माहीत नव्हतं.

पण वाद घालायला कोणालाच वेळ नव्हता, कारण आता शेवगावचे बाकीचे चौघंही बोलायला लागले होते. एकाच्या घरी बारा जनावरं, दुसऱ्याच्या मामाकडे गीर गाई. नऊ जण एकाच वेळी माझ्या कानात गाईचं बाळंतपण करत होते आणि नऊ जणांची नऊ मतं होती. वैशालीनं मला नंतर सांगितलं, स्क्रीनवर सगळे डेअरीच्या चौकात गोळा होऊन उभे होते. बंदुका खाली. शेवगावचा एक जण गुडघे टेकून बसला होता. मी तेवढा लांब कांदाचाळीजवळ भिंतीकडे तोंड करून होतो. राऊंड संपायचा, नवा सुरू व्हायचा, सगळे परत चालत चालत चौकात येऊन उभे राहायचे.

"कळ आली का?"

"आली."

"आता वडा. दोगं मिळून. खालच्या बाजूला वडा, सरळ न्हाई. कळ थांबली की तुमीबी थांबा."

मंगलनं एक पाय धरला, मी दुसरा. कळ आली की ओढायचो, थांबली की थांबायचो. नऊ जण कानात श्वास रोखून होते, हे मला ऐकू येत होतं. कपिला एकदा मोठ्यानं हंबरली, आणि डोकं बाहेर आलं, मग खांदे, आणि मग सगळं एकदम, मी पाठीवर आणि वासरू माझ्या मांडीवर.

ते हलेना. मंगलनं त्याचं नाक-तोंड पुसलं, नाकात वाळलेली काडी फिरवली. वासरू शिंकलं.

"शिंकलं," मी म्हणालो.

कानात इतका गोंगाट झाला की मी हेडफोन काढून पुन्हा घातले. शेवगाववाला विचारत होता, "गोऱ्हा का कालवड?"

"कालवड."

"लई बेस झालं, नाना. पयल्या चिकाचा खरवस शेवगावला आला पायजे."

कपिला वासराला चाटायला लागली तसा मी हातपाय धुऊन आत आलो. डोळ्यांत पाणी होतं, शर्ट कामातून गेला होता, आणि जागा गेली तर गेली, असं मनात ठरवून खुर्चीत बसलो. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत निकाल लागलेला होता. मी दोनदा चष्मा पुसला. इतका वेळ कोणी बॉम्ब ठेवला नव्हता, त्यामुळे एकामागून एक सगळे राऊंड आमच्या खात्यात आले होते.

शेवगाववाल्याच्या लक्षात तेव्हाच आलं. "आयला, आमी हारलो व्हय?"

सोहेलला हसू आवरत नव्हतं, ते दाबल्याचा आवाज येत होता. मी संतोषच्या बोलण्याची वाट बघत होतो. तो कॅप्टन, आणि शब्द त्याचा होता.

शेवटी संतोषनं घसा खाकरला.

"नाना," तो गंभीरपणे म्हणाला, "पुढली मॅच श्रीगोंद्याबरुबर हाय. गोठ्यात आजून कोन गाभन हाय?"